सकाळचं माप

माझ्या बोटांबद्दल आमच्या घरात प्रत्येकाचं ठाम मत होतं. माझंही होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

मी रेणू. कुडव्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लग्नसराईत गोंदियाहूनही बायका स्कूटीवर येतात, कारण माझ्या ब्लाउजचा खांदा कधी उतरत नाही. हे मी म्हणत नाही, बायकाच म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

तर दिवाळीच्या आसपास माझी बोटं सकाळी सकाळी संपावर जायला लागली. उठलं की मूठ वळायची नाही. एका हाताची नव्हे, दोन्ही हातांची. टूथपेस्टचं झाकण, दुधाची पिशवी, कुर्त्याचं बटण, सगळ्यांनी एकजुटीनं माझ्याविरुद्ध कट केला होता. बोटांची मधली पेरं आणि मुळाकडचे सांधे सुजून मऊ व्हायचे. कोणी हात हातात घेऊन दाबला तर जीव जायचा. दहा-साडेदहानंतर हळूहळू सगळं सैल पडायचं आणि दुपारी मी पुन्हा माणसात यायचे. दुकान नऊऐवजी अकराला उघडायला लागले. गिऱ्हाइकांना सांगितलं की रात्री उशिरापर्यंत काम असतं. त्यांना वाटलं धंदा वाढला. दोघींनी शिलाई वाढवशील का म्हणून काळजीनं विचारलंसुद्धा.

आईचं, म्हणजे सुमित्राबाईचं, मत होतं की हे थंड पाण्यानं झालं. बाबांचं मत होतं की हे मोबाइलनं झालं. पण आमच्या घरात शेवटचा शब्द निर्मलाआत्याचा. ती बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर काही वर्षांत विधवा होऊन परत आली, आणि तेव्हापासून घर तीच चालवते. तिच्या बोटांच्या टोकाच्या पेरांना गाठी आहेत, दोन बोटं तिरकी झाली आहेत. त्यामुळे सांधेदुखी हा तिचा हक्काचा विषय. तिनं माझा हात धरला, आपल्या हाताशेजारी ठेवला आणि निकाल दिला.

"हा आपल्या घरचा वात होय. मले आला, आता पोरीले आला."

तिच्या आवाजात दुःख कमी आणि वारस मिळाल्याचं समाधान जास्त होतं.

आत्याच्या दरबारात पहिला आरोपी म्हणजे भात. भात थंड, भात वातूळ, भात बंद. आता माझे बाबा परसराम हे तांदळाच्या मिलमध्ये आयुष्य घालवलेले. तांदूळ तळहातावर घेतला की नुसत्या वासावरून जुना की नवा ते सांगतात. त्यांच्याच घरात त्यांचीच मुलगी ताटात चपात्या घेऊन बसली. रोज जेवताना ते माझ्या ताटाकडे असे बघायचे, जणू मी पळून जाऊन लग्न केलं आहे.

"अवं बाई," शेवटी ते आत्याला म्हणाले, "अख्खा जिल्हा भात खाऊन राहिला. मंग साऱ्यायचे हात काऊन नाई आखडत?"

"त्यायचं त्यायले माहीत. तू गपचूप जेव."

भातामागून दही गेलं, चिंच गेली, वांगं गेलं, चण्याची डाळ गेली. मोहाच्या बियांच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून आत्या माझे हात चोळायची, तेही सकाळी, सूज असताना, आणि जोर लावून. मी ओरडले की म्हणायची, "वात निघून राहिला." वात निघाला नाही. माझ्या दुकानातल्या प्रत्येक ब्लाउजला मात्र फोडणीचा वास लागला.

मग ती पुडी आली. आठवडी बाजारात झाडाखाली एक जडीबुटीवाला बसायचा. त्याच्याकडून आत्यानं राखाडी पूड आणली, कागदाच्या छोट्या छोट्या पुड्यांमध्ये. सकाळ-संध्याकाळ मधातून एक. आणि खोटं कशाला बोलू, दोन दिवसांत चमत्कार झाला. सकाळी उठले आणि मूठ वळली. मी ती वळवून वळवून पाहिली आणि रडले. आत्यानं गल्लीत साखर वाटली आणि तिचं वैद्यकातलं वजन इतकं वाढलं की शेजारची बाई गुडघा दाखवायला आली.

पुढचे दिवस फार चांगले गेले. भूक लागायची, सपाटून लागायची. झोप कमी झाली तरी अंगात हुरूप असायचा. गाल भरले. आधी माझा चेहरा लांबुडका होता, तो गोल गरगरीत झाला. आणि नेमकं त्याच वेळी कोहमाऱ्याचं स्थळ आलं, त्यामुळे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की पोरीवर लग्नाचं तेज आलं आहे.

मुलाचं नाव उमेंद्र. कोहमाऱ्याला हायवेवर त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं आणि दुरुस्तीचं दुकान. वडील नाहीत. आई पुष्पांजलीबाई, दणकट, स्पष्ट बोलणारी, बसल्या जागेवरून अख्ख्या खोलीचा ताबा घेणारी बाई. दोघं दुपारी आले. चहापाणी झालं, मला दोन प्रश्न विचारले, आणि पसंती तिथल्या तिथे झाली. पुष्पांजलीबाईंनी माझ्याच दुकानातला दोरा मागितला, माझ्या बोटाला गुंडाळला, चांगला ताणून गाठ मारली आणि म्हणाल्या, "अंगठीचं माप मीच घेते. सोनारावर माझा भरोसा नाई. आमच्या गावातल्या अर्ध्या सुनायचे बोटं माझ्या हाताखालून गेले."

मला हसू आलं. टेप गळ्यात घालून जगाची मापं काढणारी मी, आणि माझंच माप कोणीतरी काढत होतं. तिकडे उमेंद्र दुकानाच्या दाराशी उभा राहून माझं शिलाई मशीन बघत होता. "बेल्ट ढिला आहे तुमचा," तो म्हणाला. हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. नंतर त्यानं वाकून तो नीट करून दिला. मला तो आवडला, सरळ सांगते. त्यानं मशीनशी बोलावं तसं हळू आवाजात माझ्याशी बोलायला सुरुवात केली, रोज फोनवर, आणि मी संध्याकाळची वाट बघायला लागले.

एकदा फोनवर तो म्हणाला, "तुमी काई लपवून तर नाई राहिल्या? माझ्या आईपासून काई लपत नाई, ही कीर्ती आली असंन तुमच्या कानावर." तो चेष्टा करत होता. मी हसले. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण आदल्याच रात्री जेवताना आत्यानं सगळ्यांना दम दिला होता, "लग्न लागेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाई. पोरीचे हात दुखतेत म्हटलं तर कोण करंन इले?" आई मान खाली घालून भात कालवत बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. आणि मीही विचार केला, आता तर दुखत नाही ना, मग सांगायचं तरी काय?

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आठवडा राहिला आणि जडीबुटीवाला बाजारातून नाहीसा झाला. आत्या दोन बाजार फिरून आली. कोणी म्हणालं बालाघाटकडे गेला, कोणी म्हणालं देवाला गेला. पुड्या संपल्या. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. नुसती बोटं नव्हेत, मनगटं, कोपर, पायाचे तळवे, सगळे सांधे व्याजासकट वसुली करायला आल्यासारखे दुखत होते. घाम यायचा, गळून जायचे. आत्या म्हणाली, "नजर लागली." मिरच्या ओवाळल्या. घरभर ठसका झाला, नजर निघाली, दुखणं राहिलं.

मुहूर्त होता सकाळचा. घरापुढे छोटा मांडव, खुर्च्यांना पांढरी कापडं, आणि मी नटून पाटावर. हिरव्या बांगड्या हातात घालताना बांगडीवाल्या बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं एक माप मोठी काढली. मी दात आवळून बसले होते. पुष्पांजलीबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली. उमेंद्रनं अंगठी उचलली.

पहिल्या पेरावरून ती गेली. मधल्या पेराशी येऊन थांबली. त्याला वाटलं मी लाजून बोट वाकवते आहे. त्यानं हसून जरा जोर लावला आणि माझ्या तोंडून असा काही "आई गं" निघाला की मांडवातली पोरं पळायची थांबली. फोटोग्राफर म्हणाला, "भैया, एक बार फिर से. मॅडम, थोडा स्माइल."

"साबण आणा गा कोणी!" आत्या ओरडली.

साबण आला. खोबरेल आलं. कोणी बर्फ म्हणालं, कोणी प्लास्टिकची पन्नी म्हणालं. दोन मामी, एक मावशी आणि नाव न कळलेली एक पाहुणी, प्रत्येकीनं माझं बोट एकेकदा ओढून पाहिलं. उमेंद्र एकटाच म्हणत होता, "सोडा ना, दुखते तिले." पण नवऱ्या मुलाचं मांडवात कोण ऐकतं?

शेवटी बाबांनी तोडगा काढला. "सोनारानं माप चुकवलं," ते म्हणाले, आणि मांडवात एकदम सुटकेचा निःश्वास पडला. सोनार तिथे नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. मामांनी त्याला शिव्या दिल्या, काकांनी दुसऱ्या सोनाराचं नाव सुचवलं. कोणीतरी उत्साहात त्याला फोनच लावला आणि स्पीकर चालू केला. सोनार थंडपणे म्हणाला, "धागा अजून माझ्यापाशी आहे जी. अंगठी धाग्यात बरोबर बसते. येऊन पाहून घ्या."

मग सगळ्यांच्या माना हळूहळू पुष्पांजलीबाईंकडे वळल्या.

"म्हणजे माझं माप चुकलं?" त्या उठून उभ्या राहिल्या.

"असं कोण म्हणून राहिलं समधीनबाई," आत्या मधात बोट बुडवल्यासारखी बोलली. "धागा जरासा जास्त ओढला गेला असंन. होते कधी कधी."

पुष्पांजलीबाईंचा चेहरा लाल झाला, आणि मग, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, तो उतरला. एवढ्या लोकांसमोर, मुलाच्या साक्षगंधात, त्यांचंच माप चुकलं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. आत्यानं मला डोळ्यानं खूण केली: गप. आता सगळं सरळ होतं. अंगठी परत जाणार, थोडी मोठी होऊन येणार, पुष्पांजलीबाई जन्मभर एक टोमणा ऐकणार आणि माझं लग्न होणार. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर मी आता चांगली तयार झाले होते.

पण माप हा माझा धंदा आहे. दुसऱ्याच्या बरोबर मापाला चूक म्हणताना मला ऐकवेना. आणि त्याहून खरं सांगायचं तर उद्या सकाळी, परवा सकाळी, रोज सकाळी हे असंच होणार होतं. त्या घरात कोणत्या सोनाराचं नाव घेणार होते मी?

"काकू, तुमचं माप बरोबर होतं," मी म्हणाले. "माझंच बोट सकाळी येवढं होते. दिवाळीपासून दुखते. तुमी दुपारी आल्या होत्या, आणि मी तवा औषध घेत होती. म्हणून नाई दिसलं."

बोलले आणि हात मांडीवर उघडे ठेवले. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"आमाले काऊन नाई सांगितलं?" पुष्पांजलीबाईंनी विचारलं. मला नव्हे, आत्याला. आत्यानं पाटाशेजारचं कुंकवाचं ताट उगाच सरळ केलं. आईनं पदर तोंडाला लावला.

साक्षगंध तिथेच अर्धवट राहिलं. पण स्वयंपाक झालेला होता, आणि आमच्याकडे पाहुणे रागावून जातील, उपाशी जाणार नाहीत. पंगत बसली. वाढपी भात घेऊन फिरत होता आणि सगळे मुकाट्यानं हो म्हणत होते. निघताना उमेंद्र माझ्याजवळ आला. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत म्हणाला, "दवाखान्यात दाखवलं का?"

"नाई."

"मंग इतके दिवस काय करून राहिल्या तुमी?" तो चिडला होता. मला वाटलं तो अजून काहीतरी बोलेल. तो गाडीत बसला.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी मिलमध्ये सुटी टाकली. गोंदियाला एक डॉक्टरीणबाई नागपूरहून आठवड्यातून एकदा येतात, फक्त सांध्यांच्या आजारासाठी. आत्या न बोलावता आमच्याबरोबर रिक्षात बसली. "मले सारं माहीत आहे, पोरीले धड सांगता येत नाई," असं तिचं म्हणणं.

डॉक्टरीणबाईंनी माझं प्रत्येक पेर हळूच दाबून पाहिलं. सकाळी किती वेळ आखडतं, दोन्हीकडे सारखं का, घरात कोणाला आहे, सगळं विचारलं. मग मी पुडीचं सांगितलं. त्यांनी माझा गोल चेहरा हनुवटी धरून उजेडाकडे वळवला.

"हे लग्नाचं तेज आहे," आत्यानं माहिती पुरवली.

"हे स्टेरॉइड असावं, आजी," त्या म्हणाल्या. "पुडीत काय होतं ते तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढली, चेहरा सुजला, आणि पुडी बंद होताच अंथरूण धरलं. असं औषध एकदम बंद होणंही धोक्याचं असतं. आता मी मोजून देईन आणि हळूहळू कमी करेन."

रक्त तपासलं, हातांचा एक्स-रे काढला. निदान झालं ते आमवाताचं. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. भातानं होत नाही, दह्यानं होत नाही, थंड पाण्यानं होत नाही. पूर्ण जाईल असा शब्द त्यांनी दिला नाही, पण लवकर आणि नीट औषध घेतलं तर आटोक्यात राहतं आणि बोटं वाकडी होण्यापासून वाचतात, हे सांगितलं. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मधून मधून रक्त तपासायचं. "आणि लग्न होणार असेल तर ऐका. या गोळीवर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. मूल हवं असेल तेव्हा आधी मला सांगायचं, औषध बदलायचं, काही महिने थांबायचं. मुलं होतात, फक्त विचारून."

"म्हणजे इले भात चालते?" बाबांनी विचारलं. इतका वेळ ते एवढ्याचसाठी बसले होते.

"खुशाल खाऊ द्या."

बाबांचा चेहरा असा खुलला, की निम्मा आजार तिथेच बरा झाला. आत्या मात्र अस्वस्थ होती. तिनं आपले हात टेबलावर ठेवले. "मंग माझाच वात पोरीले कसा नाई?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या टोकाच्या गाठी पाहिल्या. "तुमची झीज आहे, वयाची आणि कामाची. हिचा आजार वेगळा. तुम्हाला शेक, थोडा व्यायाम, दुखलं तर साधी गोळी. हिला ते पुरणार नाही."

परतताना रिक्षात आत्या आपलीच बोटं उलटसुलट करून बघत बसली. इतकी वर्षं जपलेला वारसा सरकारजमा झाला होता. घरी आल्यावर तिनं मोहाच्या तेलाची बाटली उचलली आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यात ओतली. संध्याकाळी मला गरम भात तिनंच वाढला. "मले वाटलं, मले जे आहे तेच तुले आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "असू दे आत्या, भात वाढ अजून." खरं तर मला तिच्यावर खूप राग होता, पण पळी धरलेली तिची तिरकी बोटं पाहून बोलवेना.

पुढचे दोन महिने मी शिकण्यात घालवले. उठल्या उठल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं आणि पाण्यातच बोटं हळूहळू मिटायची-उघडायची. जड पातेलं बोटांनी नाही, दोन्ही तळव्यांनी उचलायचं. दुखणाऱ्या दिवशी हातांना विसावा द्यायचा, पण अख्खा दिवस गुंडाळून ठेवायचे नाहीत. बाबांनी कैचीच्या मुठीला जुन्या सायकलची जाड रबरी पकड बसवली आणि मशीनला मोटर लावून आणली. ब्लाउजचे हूक लावायला मी शेजारच्या टीनाला ठेवलं. औषधाला वेळ लागला, मधे मी कंटाळून गेले, पण सूज थोडी थोडी कमी होत गेली. सकाळचं आखडणं आता साडेआठ-नऊपर्यंत आवरायचं. चेहराही पुन्हा लांबुडका झाला. शेजारणी म्हणाल्या, लग्न मोडल्यामुळे पोरगी वाळली.

कारण कोहमाऱ्याहून फोन नव्हता. होकार नाही, नकार नाही. मी संध्याकाळी मोबाइल उलटा ठेवायला लागले आणि मग दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघायला लागले. मला उमेंद्रचा राग यायचा. मग वाटायचं, त्यानं काय केलं? फसवलं तर आम्ही. मग पुन्हा राग यायचा. शिवताना एका गिऱ्हाइकिणीच्या दोन्ही बाह्या मी उजव्याच कापल्या, इतकी माझी कामावर नजर होती.

आणि एके दिवशी सकाळी सात वाजता दारात मोटारसायकल थांबली. मी अंगणात बादलीत हात बुडवून बसले होते, केस विस्कटलेले, अंगावर जुना गाऊन. उमेंद्र आणि मागे पुष्पांजलीबाई. इतक्या सकाळी कोहमाऱ्याहून यायचं म्हणजे ते अंधारातच निघाले असणार.

मी उठायला लागले.

"बस," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "उठू नको. आमी मुद्दामच सकाळी आलो." त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं. आत्या, आई, बाबा धावत बाहेर आले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मूठ वळते का?"

मी पाण्यातून हात काढून दाखवला. अर्धी वळली.

"किती वेळानं पुरी वळंन?"

"आणखी दोनेक तास. आधी दहा वाजेपर्यंत नाई वळे."

"लेकरं होतीन का?"

आईनं "अवं माय" म्हणून भिंत धरली. उमेंद्रचे कान लाल झाले. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, गोळीचं, थांबायचं, विचारून ठरवायचं. "आणि हे जाणारं नाई, काकू. जन्मभर औषध लागू शकते. कधी बरं राहीन, कधी असंच पाण्यात हात घालून बसावं लागंन."

त्या पुढे वाकून माझी पेरं एकेक करून पाहू लागल्या. उमेंद्र म्हणाला, "फोन केला असता तर तुमी बरं आहे म्हटलं असतं. गाडी थंडी असतानीच तिचा आवाज ऐका लागते. गरम झाली का साऱ्याच गाड्या बऱ्या चालतेत."

"मले गाडी म्हणून राहिले?" मी म्हणाले.

"ट्रक नाई म्हटलं," तो म्हणाला. दोन महिन्यांचा माझा राग तिथेच सांडला आणि मला रडू आलं, हसूही आलं, आणि नाक पुसायला हात ओले होते.

पुष्पांजलीबाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "मले त्या दिवशी राग आला होता तो लपवल्याचा. अजून आहे. पण भर मांडवात माझी इज्जत या पोरीनं राखली, तेही आपलं लग्न पणाला लावून. तुमी नाई राखली." हे आत्याला. मग मला म्हणाल्या, "पंडितले मी सांगते. साक्षगंध दुपारी चारचं ठेवू. मुहूर्त नाई म्हणंन तर मी पाहून घेईन. तवापर्यंत तुझं बोट बसते. तीच अंगठी जाईन."

आईनं हात जोडले. बाबा "चहा, चहा" करत आत पळाले. आत्यानं देवाच्या दिशेनं डोळे वर केले. सगळं सुटलं होतं. मी हो म्हणायचं बाकी होतं.

"नाई काकू," मी म्हणाले. "सकाळीच ठेवा."

आत्याचे डोळे देवाकडून थेट माझ्याकडे आले.

"त्या अंगठीत माझं बोट फक्त दुपारी जाईन. म्हणजे रोज रात्री काढून ठेवा, सकाळभर वाट पाहा, मंग घाला. सकाळी घरात कोणी आलं तर हात पदराखाली. मले तसं नाई राहायचं. अंगठी सकाळच्या मापाची करा. दुपारी सैल झाली तर मी दोरा गुंडाळीन."

पुष्पांजलीबाईंनी दोऱ्यासाठी कंबरेच्या पिशवीत हात घातला, नाही मिळाला तेव्हा टीनाला, जी हूक लावायला लवकर आली होती, दुकानातून दोरा आणायला सांगितलं. माझा ओला हात त्यांनी स्वतःच्या पदरानं टिपला. सुजलेल्या पेरावरून दोरा फिरवला आणि सवयीनं ताणला.

उमेंद्र खाली बसून बघत होता. "अजून सैल धर, आई," तो म्हणाला.